नागपुरात वकिली : सरकारी अभियोक्ता व्हावं, खाजगी प्रॅक्टिस करावी की कामगार नुकसानभरपाईच्या केसेस घ्याव्यात?

तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे : "सीनियर म्हणतात, नुकसानभरपाईत कॅल्क्युलेटर लागतो, वकिली नाही." माझे सीनियर हेच म्हणायचे, म्हणून लिहायला बसले.

मी तिन्ही केलं. आधी सहायक सरकारी अभियोक्ता, मग सिव्हिल लाइन्समध्ये स्वतःची प्रॅक्टिस, आता जवळजवळ फक्त कामगारांचे क्लेम.

2014 मध्ये माझ्याकडे एका कारखानदारावरची तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 338 ची (निष्काळजीपणाने गंभीर दुखापत) केस होती. हिंगणा एमआयडीसीत पॉवर प्रेसवर तीस वर्षांच्या कामगाराची उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. प्रेसला हात वाचवणारा गार्डच नव्हता. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तो कामगार हात दुपट्ट्यात गुंडाळून उभा राहिला आणि म्हणाला, "माझीच चूक झाली जी." मालकाने त्याला "तुझ्या भावाला कामावर घेतो" म्हणून सांगितलं होतं. मी त्याला फितूर ठरवून प्रश्न विचारले, आरोपी सुटला, मी पुढची फाईल घेतली.

2017 मध्ये तो बायकोला घेऊन माझ्या ऑफिसात आला. भावाला चार महिन्यांत काढून टाकलं होतं. वकालतनाम्यावर त्याने डाव्या हाताने, एकेक अक्षर जुळवत सही केली. अपघात 2013 चा, आणि दावा दोन वर्षांत लावायचा असतो. बायको म्हणाली, "मॅडम, तवाच सांगतलं असतं त..." आणि गप्प झाली. तो माझ्यासमोर पिंजऱ्यात होता त्या दिवशी मुदतीचे अकरा महिने शिल्लक होते.

उशीर माफ करून घेतला. मालकाचा बचाव : हा ठेकेदाराचा माणूस. 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याचं कलम 12 त्यासाठीच होतं, मूळ मालक सुटत नाही. पण हजेरीपट नाही, पगार रोख. बायकोने बिस्किटाच्या डब्यात ओव्हरटाइमच्या चिठ्ठ्या जपल्या होत्या, तेलाच्या डागांसकट. "त्यावरचं अक्षर माझंच" हे सुपरवायझरकडून वदवून घ्यायला मला चाळीस मिनिटं लागली. अभियोक्ता असताना अशी उलटतपासणी माझ्या वाट्याला आली नव्हती.

मग हिशोब. हिशोबात धरायच्या मासिक पगाराची तेव्हाची मर्यादा 8,000 रुपये (2020 मध्ये ती 15,000 झाली), त्याचे 60 टक्के 4,800, वयावरून ठरणारा तीस वर्षांचा गुणक 207.98. झाले 9,98,304. तीन बोटांना कायद्याच्या परिशिष्टात 30 टक्के, म्हणजे 2,99,491. मी 100 टक्के मागितले होते : प्रताप नारायण सिंग देव खटल्यात एक हात गेलेल्या सुताराला सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण अपंग मानलं होतं. हे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांनी मला 30 वरच थांबवलं, 12 टक्के व्याज मात्र दिलं. प्रेसवर ज्याचं पोट होतं त्याला 30 टक्के, हे मला आजही पटलेलं नाही.

सीनियरना हा निकाल दाखवला तेव्हा ते म्हणाले, "रक्कम किती?" दुसरं काहीच विचारलं नाही.

तर तुमच्यासाठी : पहिली तीन-चार वर्षं क्रिमिनल कराच, साक्षीदार वाचायला तिथेच शिकता. खाजगी प्रॅक्टिसवर घर चालेल, पण अशिलाचे फोन घ्यायचे म्हणजे जेवण थंड होतं. क्लेममध्ये पैसा उशिरा येतो, आणि निकालातला टक्का फी म्हणून ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. ठरवणारे आहेत, त्यांच्याकडे ज्युनिअरशिप करू नका. कामगार ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असेल तर हा दावा चालतच नाही, हे आधी तपासा. शिवाय सामाजिक सुरक्षा संहिता 2020 ने जुना कायदा पोटात घेतलाय, कलमांचे आकडे नव्याने पाठ करा.

अभियोक्त्याची परीक्षा द्यायची तर जरूर द्या. फक्त जखमी साक्षीदार आला की पिंजऱ्यात नेण्याआधी त्याला अपघाताची तारीख विचारा आणि दोन वर्षं मोजून दाखवा.