स्लाइड वाचण्याआधी

रत्नागिरीच्या लॅबमध्ये रुजू होते आहेस, तर एक सांगते. अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता या चार ऊती तुझ्या पाठ असतीलच. पण काचेवर त्या एकमेकींना चिकटूनच दिसतात. म्हणून आधी लहान आतड्याचा छेद, म्हणजे काचेवरचा पातळ काप, घे, चारही तिथेच सापडतात. आतल्या बाजूला उंच पेशींची एकेरी रांग, तिच्याखाली सैल संयोजी ऊती, मग स्नायूंचे दोन थर आणि त्या दोघांच्या मधोमध चेतापेशींचे छोटे पुंजके. ते पुंजके कुणाला न विचारता स्वतः शोध. सापडले की फार बरं वाटतं!

नमुना आला की लगेच 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ऊती सडू न देणाऱ्या द्रावणात, तेही नमुन्याच्या किमान दहापट. तुकडा 4 मिलिमीटरहून जाड नको, मधला भाग कच्चा राहतो.

पुढे तुकड्यातलं पाणी निर्जल अल्कोहोलने काढायचं, अल्कोहोल झायलीन या द्रावकाने, आणि मग त्यात वितळलेलं मेण मुरवायचं. आपल्याकडे खरी कसोटी पावसाळ्यात. निर्जल अल्कोहोलचं झाकण उघडं राहिलं की ते दमट हवेतलं पाणी ओढतं. मग ऊतीतलं पाणी पुरतं निघत नाही, झायलीन दुधाळ होतं, मेण आत शिरत नाही. तसं दिसलं तर पुढे रेटू नकोस, तुकडा परत ताज्या अल्कोहोलमध्ये घाल. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांनाही बुरशी धरते, सिलिका जेल ठेवून झाकत जा.

रंगवल्यावर हिमॅटॉक्सिलीनने केंद्रकं निळी-जांभळी, इओसिनने पेशीद्रव गुलाबी. आधी 4 पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली अख्खा छेद फिरून बघ, मगच 40 पटीवर जा.