आधी रेघा, मग नियम

इंग्रजी वाक्याची रेघांनी आकृती काढून ('सेंटेन्स डायग्रामिंग') व्याकरण शिकवायचं असेल, तर पहिल्याच तासाला फळ्यावर लांबलचक वाक्य घेऊ नका. रीड आणि केलॉग या अमेरिकन व्याकरणकारांची ही पद्धत १८७७ पासूनची, पण सुरुवात अजूनही दोन शब्दांचीच बरी. 'डॉग्ज बार्क' घ्या. एक आडवी रेघ, कर्ता आणि क्रियापदाच्या मधून तिला छेदणारी उभी रेघ. कर्म आलं की दुसरी उभी रेघ काढायची, ती मात्र आडव्या रेघेवरच थांबते. विशेषणं खाली तिरक्या रेघांवर.

मग 'शी चेज्ड द बॉय विथ अ स्टिक' लिहा आणि गप्प राहा. काठी कुणाकडे? 'चेज्ड'खाली टांगली तर तिच्याकडे, 'बॉय'खाली टांगली तर त्याच्याकडे. चौदा-पंधरा वर्षांची मुलं यावर अगदी हिरिरीने भांडतात. भांडू द्या, दोन्ही आकृत्या फळ्यावर राहू द्या. मराठीत 'काठी घेऊन' आणि 'काठीवाला' असे शब्दच वेगळे होतात, त्यामुळे इंग्रजीतला हा घोळ त्यांना एरवी जाणवतच नाही.

रेघ वाकडी आली म्हणून गुण कापू नका, प्लीज. दर आठवड्याला स्वतःच्या निबंधातलं एक वाक्य मांडायला सांगा. क्रियापदाची जागा रिकामी राहिली की चूक त्यांची त्यांनाच सापडते.