डिपॉझिट अडकलंय? वाचकांचे प्रश्न

भाडेकराराविषयी आलेल्या पत्रांत बहुतेकांची तक्रार डिपॉझिटचीच आहे. त्यातले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : कोथरूडचा फ्लॅट सोडून दोन महिने झाले. अकरा महिन्यांचा रजिस्टर करार होता. डिपॉझिट ७५,००० दिलं, पण एजंटच्या सांगण्यावरून करारात २५,०००च लिहिलं. उरलेले ५०,००० मालकांच्या पत्नीच्या खात्यावर यूपीआयने पाठवले. आता मालक म्हणतात, रंगाचे २२,००० कापणार आणि बाकीचे नवीन भाडेकरू आला की देणार. काय करावं? – एक वाचक, पुणे

उत्तर : आधी त्या ५०,०००चं बघू, कारण खरी अडचण तिथेच आहे. लिव्ह अँड लायसन्स करारावर (ठरावीक मुदत घर वापरायची परवानगी देणारा, तुमच्यासारखा करार) मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के लागतं. ते मोजताना मुदतीचं सगळं भाडं धरतात आणि त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी काढलेलं व्याज मिळवतात. ५०,०००वर अकरा महिन्यांचं असं व्याज ४,५८३ रुपये होतं, आणि त्यावरचं शुल्क साधारण साडेअकरा रुपये. एवढ्यासाठी ५०,००० कागदावरून गायब झाले! ‘स्टॅम्प ड्युटी वाचते’ असं सांगणाऱ्या एजंटपुढे हा हिशेब जरूर मांडावा.

रजिस्टर करारातल्या आकड्याविरुद्ध नुसतं तोंडी सांगणं कोर्टात सहसा टिकत नाही. तुमच्याकडे बँकेची नोंद आहे, ही जमेची बाजू. बँकेकडून शिक्क्यानिशी स्टेटमेंट घ्या, मालकांशी झालेलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपा, आणि तो फोन एवढ्यात विकू नका. भांडण पेटण्याआधी एक साधा मेसेज टाका : ‘माझ्या ७५,०००चा हिशेब पाठवा, रंगाचे किती धरताय ते कळवा.’ उत्तरात त्यांनी २२,००० वजा करून ५३,००० लिहिले, की ७५,००० मिळाल्याचं त्यांनीच कबूल केलं.

आता रंग. करारात ‘घर सोडताना रंगकामापोटी एक महिन्याचं भाडं कापलं जाईल’ असं कलम असेल, तर तेवढी रक्कम गेली असं समजा. सही तुमची आहे. तसं कलम नसेल आणि ‘नैसर्गिक झीज वगळता’ असे शब्द असतील, तर वर्षभराच्या वापराने मळलेल्या भिंतीचे पैसे भाडेकरूकडून घेता येत नाहीत. भिंतीत ठोकलेले खिळे, पोराने क्रेयॉनने रंगवलेली भिंत, फुटलेलं वॉशबेसिन ही मात्र झीज नव्हे, नुकसान. त्याचे पैसे द्यावे लागतात, पण कारागिराचं बिल मागूनच. आणि एका खोलीच्या भिंतीसाठी अख्ख्या फ्लॅटचा रंग भाडेकरूच्या माथी मारता येत नाही.

‘नवीन भाडेकरू आला की’ याला करारात आधार नसेल तर कायद्यातही नाही. मालकांना स्पीड पोस्टने पत्र पाठवा : कराराचा दस्त क्रमांक, किल्ल्या दिल्याची तारीख, एकूण डिपॉझिट, मान्य असलेली वजावट, तुमचा खाते क्रमांक आणि १५ दिवसांची मुदत. पोहोच जपून ठेवा. मुदत टळली की वकिलाची नोटीस, आणि तरीही दाद दिली नाही तर दिवाणी कोर्टात वसुलीचा दावा. लेखी करारातल्या ठरावीक रकमेसाठी समरी सूट (झटपट चालणारा दावा) लावता येतो. त्यात मालकाला बचाव करायलाही आधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. तुमचे २५,००० त्यात सहज बसतात, ५०,०००चं मात्र वकिलांशी बोलून ठरवा. घर सोडल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावायचा, असं धरून चाला. पोलीस चौकीत खेटे घालण्यात अर्थ नाही. ‘हा दिवाणी मामला आहे’ म्हणून परत पाठवतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं.

प्रश्न : पुढच्या महिन्यात करार संपतोय. मालक डिपॉझिट बुडवतील अशी भीती वाटते. मित्र म्हणतात, पैसे हातात पडेपर्यंत घर सोडू नका. – वाचक, ठाणे

उत्तर : मित्रांचं ऐकण्याआधी करार वाचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर राहणाऱ्याकडून मालक दुप्पट दराने भाडं मागू शकतो, आणि घर खाली करून घ्यायला सक्षम प्राधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जाऊ शकतो. दोन महिने अडून बसलात तर चार महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून जायचं. काही करारांत ‘डिपॉझिट परत न केल्यास भाडं न देता राहता येईल, शिवाय व्याज मिळेल’ असं कलम असतं. ते असेल तरच अडून बसण्यात दम आहे. पुढचा करार करताना ते मागून घ्या.

ते नसेल, तर मुदत संपायच्या महिनाभर आधी लेखी कळवा की किल्ल्या आणि पैसे एकाच वेळी, एकाच बैठकीत द्यायचे-घ्यायचे. त्या दिवशी मालकांसोबत घर फिरून बघा, विजेच्या मीटरचं आणि पाइप गॅसचं रीडिंग फोटोत घ्या, पंखे-गिझर चालू करून दाखवा आणि दोन ओळींचा ताबापत्राचा कागद करून दोघांच्या सह्या घ्या. शेवटच्या महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करायचं असेल तर मालकांचा होकार निदान मेसेजवर तरी हवा. परस्पर भाडं थांबवलं तर करार मोडल्याचा ठपका तुमच्यावर येतो.

प्रश्न : आमचा करार स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला आहे. अकरा महिन्यांचा असल्यामुळे रजिस्टर करायची गरज नाही, असं मालक म्हणाले. – वाचक, नाशिक

उत्तर : हा गैरसमज जुना आहे. महाराष्ट्रात मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे त्यात कसूर झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच कलमात भाडेकरूच्या सोयीची गोष्ट आहे : नोंदणीकृत करार नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, खोटं पाडायचं काम मालकाचं. तरीही याच्या भरवशावर राहू नका. नोंदणी घरबसल्या, आधार आणि अंगठ्याच्या ठशावर होते. नोंदणी शुल्क शहरी भागात १,००० रुपये.

प्रश्न : डोंबिवलीत आठ लाख हेवी डिपॉझिट देऊन विनाभाडं फ्लॅट मिळतोय. घ्यावा का? – वाचक, कल्याण

उत्तर : आमचं मत विचाराल तर नको. घरात पैसे गुंतवल्यासारखं वाटतं, पण घरावर तुमचा कसलाही हक्क (बोजा) चढत नाही. तुम्ही फक्त मालकाचे बिनतारण सावकार. लायसन्स दिलेलं घर मालकाने विकलं, तर भारतीय सुखाधिकार कायदा, १८८२ च्या कलम ५९ प्रमाणे नव्या मालकावर ते लायसन्स आपोआप बंधनकारक नसतं. घर बँकेकडे गहाण असून हप्ते थकले असतील तर बँक ताबा घेते आणि तुमचे आठ लाख जुन्या मालकाकडेच राहतात.

घ्यायचाच असेल तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्या फ्लॅटचे दस्त शोधा, गहाणाची नोंद आहे का बघा, कर्ज असेल तर बँकेचा ताजा खाते-उतारा मागा आणि पूर्ण आठ लाख, चेक क्रमांकासह, करारात लिहून घ्या. मध्येच घर विकलं गेलं तर डिपॉझिट कोणाकडे आहे, हे जुना मालक, नवा मालक आणि तुम्ही अशा तिघांच्या सह्यांनी लिहून घ्या.

प्रश्न : मुलगी शिकायला लेस्टरला चाललीय. तिथे मैत्रिणींबरोबर घर भाड्याने घेणार आहे. डिपॉझिटची काय काळजी घ्यावी? – पालक, सांगली

उत्तर : इंग्लंडमध्ये पैसे मालकाच्या मर्जीवर राहत नाहीत. तिथे २००७ पासून डिपॉझिटच्या संरक्षणाची सोय आहे. आताच्या नियमाप्रमाणे मालकाने ते मिळाल्यापासून ३० दिवसांत सरकारमान्य योजनेच्या संरक्षणात ठेवायचं आणि त्याच मुदतीत भाडेकरूला तपशील लेखी द्यायचा. अशा योजना तीन : डिपॉझिट प्रोटेक्शन सर्व्हिस, मायडिपॉझिट्स आणि टेनन्सी डिपॉझिट स्कीम. मालकाने हे केलं नाही तर कोर्ट त्याला डिपॉझिटच्या एक ते तीन पट रक्कम भाडेकरूला द्यायला लावू शकतं. कपातीवरून वाद झाला तर योजनेकडून त्याचा निवाडा फुकट होतो. त्यात बहुधा पहिल्या दिवशीची सामानाची यादी आणि फोटो निर्णायक ठरतात, म्हणून मुलीला गाद्यांवरच्या डागांपासून ओव्हनच्या आतपर्यंत फोटो काढून मालकाला त्याच दिवशी ईमेल करायला सांगा.

वार्षिक भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. महिना ९०० पौंड असेल तर बाराने गुणा, ५२ने भागा, पाचने गुणा : १,०३८ पौंड. घर धरून ठेवायला मागतात ती रक्कम एका आठवड्याच्या भाड्यापुरतीच. विद्यापीठाच्या वसतिगृहाला, किंवा मालक स्वतः राहतो त्या घरातल्या खोलीला, योजनेची ही सक्ती लागू नाही.

आपल्याकडे केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवलेली आहे, पण राज्याने स्वीकारल्याशिवाय असा कायदा लागू होत नाही. महाराष्ट्रात डिपॉझिट किती, हे अजून मालक आणि भाडेकरूच ठरवतात.