दंडाचं माप

‘अंगावर मांस चढत नाही, मुली बघणार कशा?’ विशीतली मुलं हे कुजबुजतच सांगतात. मी मेलबर्नमध्ये विद्यार्थ्यांचं समुपदेशन करते. चीनमधून शिकायला आलेला लिन (नाव बदललंय) याच कारणासाठी आला होता.

बसल्या बसल्या त्यानं खिशातून शिंप्याची टेप काढली. रोज सकाळी दंड मोजायचा, आकडा फोनमध्ये टिपायचा. सहा महिन्यांत दीड सेंटिमीटर. पहाटे जिम, उकडलेली अंडी, मित्रांबरोबर जेवण बंद. गावी हाच मुलगा देखणा म्हणून मिरवत होता: गोरा, सडपातळ, नाजूक चेहऱ्याचा. इथं रूममेटनं थट्टेत ‘शाळकरी पोरगा’ म्हटलं आणि ते लागलं.

‘दिसण्याचं काय एवढं?’ असं मी म्हणून गेले. उपदेशाची आपली घरगुती खोड. तो उरलेला वेळ घड्याळ बघत बसला.

पुढच्या भेटीत विचारलं, “तुमच्याकडे देखणा पुरुष म्हणजे कोण?” तो खुलला. पान आन, तिसऱ्या शतकातला कवी. रस्त्यानं निघाला की बायका त्याच्या गाडीत फळं टाकत, गाडी भरून जाई. कितीतरी शतकं परीक्षा देऊन अधिकारी होण्यातच प्रतिष्ठा, त्यामुळे कथांचा नायक पुस्तकात मान घातलेला. पीळदार दंड हमालाचे. मी स्क्रीनवर मायकेलअँजेलोनं घडवलेला डेव्हिडचा पीळदार पुतळा उघडला. इकडचा साचा ग्रीकांच्या आखाड्यातून आलेला.

“पण 2021 मध्ये आमच्या सरकारनंच टीव्हीवर ‘बायकी’ पुरुष नकोत म्हणून सांगितलं,” लिन म्हणाला. “म्हणजे तिथंही मी चुकीचाच.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग त्याला 2005 चा एक अभ्यास सांगितला. स्त्रियांना सरासरी पुरुषापेक्षा नऊएक किलो जास्त स्नायू आवडतात, असा पाश्चात्त्य पुरुषांचा अंदाज होता. तैवानच्या पुरुषांचा, सव्वादोन किलो. आधीच्या एका छोट्या पाहणीत स्त्रियांनी मात्र साधंच शरीर निवडलं होतं.

त्यानं मनात हिशेब केला. “म्हणजे विमानात बसल्या बसल्या माझं पावणेसात किलो कमी पडलं?”

पहिल्यांदाच हसला.

व्यायाम त्यानं सोडला नाही, मी सोड म्हटलंही नाही. टेप आता फक्त रविवारी निघते. गेल्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर आजीनं विचारलं म्हणे, “हमाली धरलीस का रे?” हे सांगताना तो हसत होता, आणि शर्टाची बाही खाली ओढत होता.