वाचकांचे प्रश्न: कोड बघताना कळतो, लिहिताना सुचत नाही

प्रश्न: ताई, मी संगमनेर तालुक्यात एका दूध संकलन केंद्रावर हिशेब लिहितो. वय ४१. गेले काही महिने पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेचे व्हिडिओ बघतोय. बघताना सगळं समजतं, पण कोरी फाइल उघडली की पहिली ओळही सुचत नाही. मित्राच्या सांगण्यावरून रोज पाच-सहा छोटे सराव सोडवतो. अडलं की उत्तर बघतो, आणि दुसऱ्या दिवशी सगळं पुसलेलं. वय आड येतंय का?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर: वयाचा काही संबंध नाही. रोज पाच-सहा सराव हेच जास्त होतंय. एकच घ्या आणि तो मोडेपर्यंत त्याच्या मागे लागा. माझ्या संध्याकाळच्या वर्गात मी हेच करायला लावते.

सराव तुमच्याच वहीतून काढू. एका गवळ्याचं सकाळचं आणि संध्याकाळचं दूध विचारायचं, बेरीज दाखवायची. चार ओळींचं काम. सकाळी ५ लिटर, संध्याकाळी ७. चालवायच्या आधी कागदावर लिहून ठेवा, पडद्यावर काय येईल ते. तुम्ही १२ लिहाल आणि समोर येईल ५७! कारण ‘इनपुट’ने, म्हणजे टाइप केलेलं वाचणाऱ्या आज्ञेने, घेतलेली प्रत्येक गोष्ट पायथनच्या लेखी मजकूर असते, आकडा नव्हे, त्याने दोन मजकूर शेजारी-शेजारी जोडले. ही गोष्ट व्हिडिओत तुम्ही नक्की ऐकली असेल. पण कागदावर १२ लिहून पडद्यावर ५७ पाहिलेला माणूस ती विसरत नाही. म्हणून अंदाज लिहायची पायरी कधीही गाळू नका.

मग ‘इंट’ वापरून मजकुराचा आकडा करा. १२ येईल. आता मराठी कळफलकावरून ५ आणि ७ टाइप करून बघा. तरीही १२च येतं, पायथनला देवनागरी अंक वाचता येतात. पुढे साडेपाच लिटर घाला, म्हणजे ५.५. ‘इंट’ एरर देईल. एररचा लांबलचक मजकूर बघून घाबरू नका, सगळ्यात खालची ओळ आधी वाचा. काय बिनसलं ते तिथेच असतं. ‘फ्लोट’ने हे सुटेल, तो दशांशाचे आकडेही घेतो. मग ०.१ आणि ०.२ ची बेरीज करून बघा. ०.३ च्या मागे शून्यांची रांग आणि शेवटी एक ४ दिसेल. यंत्र आकडे द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, ठेवतं आणि त्यात ०.१ नेमका बसत नाही. म्हणून रुपयांचा हिशेब पैशांत आणि दुधाचा मिलिलिटरमध्ये, पूर्णांकातच ठेवलेला बरा. चार ओळींच्या सरावातून तुम्ही कुठवर आलात बघा.

पुस्तकी सरावही असाच पिळून घ्यावा. शब्द उलटसुलट सारखाच आहे का, हा एक नेहमीचा सराव. शब्द उलटा करायचा, मूळ शब्दाशी ताडायचा. ‘नयन’ला उत्तर ट्रू, म्हणजे खरं. ‘जहाज’ला मात्र फॉल्स, म्हणजे खोटं! इंग्रजी शब्दांवर सराव करणाऱ्यांना ही अडचण भेटतच नाही, आपल्याला भेटते, आणि मला तर ही मराठी विद्यार्थ्याची चैन वाटते. पायथनच्या हिशेबी ‘जहाज’मध्ये चार घटक आहेत, कारण ‘हा’चा काना वेगळा मोजला जातो. उलटं करताना तो काना ‘ह’ सोडून ‘ज’ला जाऊन चिकटतो. म्हणजे आधी अक्षरांची यादी करायला हवी: मात्रा किंवा अनुस्वार आला की आधीच्या अक्षराला जोडायचा, हलन्त (अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह) आला तर पुढचं व्यंजनही त्यातच घ्यायचं. लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करवणं), यादी, अट, तिन्ही यात कामाला लागतात. ‘रामाला भाला मारा’ला ट्रू आणायचं तर मधल्या जागाही काढाव्या लागतील.

उत्तर बघण्याबद्दल. अडलात तर जरूर बघा, एआयला विचारलंत तरी चालेल. फक्त बघून झालं की फाइल बंद करा, चहा घ्या, आणि कोऱ्या फाइलीत न बघता पुन्हा लिहा. दुसऱ्या दिवशी परत एकदा. जिथे हात अडतो, तेवढंच तुम्हाला कळलेलं नाही. प्रश्न तेवढ्याचाच विचारा.

‘जहाज’ सुटलं की दहा गवळ्यांच्या यादीकडे वळा. फॅटप्रमाणे दर लावणं त्यानंतर.

प्रश्न: लॅपटॉप नाही. मोबाइलवर सराव केला तर चालेल का?
– एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर: चालेल. अँड्रॉइडवर पायड्रॉइड ३ हे अ‍ॅप आहे, इंटरनेटशिवायही प्रोग्राम चालतो. फोनवर टाइप करणं जिकिरीचं, म्हणून आधी वहीत पेनाने लिहा आणि मग उतरवा.