तत्त्वज्ञानात एम.ए. करून प्राध्यापक होता येईल का?

तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकीला भवितव्य आहे का, की विद्यार्थ्यांनाच या विषयाची गोडी उरलेली नाही, असे आपण विचारले आहे. प्रश्नाचा उत्तरार्ध मी नाशिकमध्ये एका प्राचार्यांच्या तोंडून ऐकला होता आणि तो मला तेव्हाही मान्य नव्हता.

त्यांच्या महाविद्यालयात मी सहा वर्षे तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, शिकवले. आमचे विभागप्रमुख निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरलीच गेली नाही. पुढच्या जूनपासून प्रवेशाच्या वेळी मुलांना, या विषयाला कायम शिक्षक नाहीत, राज्यशास्त्र घ्या, असे सांगितले जाऊ लागले. मी बारावीच्या तर्कशास्त्राच्या वर्गात आठवडाभर जाऊन, अनुमान आणि तर्कदोष यांच्यापुढे हा विषय कुठे जातो ते समजावून सांगितले व एकवीस इच्छुक मुलांची नावे लिहून घेतली. ती यादी प्राचार्यांनी वाचलीही नाही. मुलांना गोडी नाही आणि कार्यभारही नाही, एवढेच ते म्हणाले. कार्यभार म्हणजे शिकवायचे तास; सहायक प्राध्यापकासाठी आठवड्याला १६ तासांचे अध्यापन ठरलेले आहे. शिक्षक नाही म्हणून प्रवेश नाहीत, प्रवेश नाहीत म्हणून तास नाहीत आणि तास नाहीत म्हणून शिक्षक नाही. न्यायशास्त्रात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, ज्याला चक्रक म्हणतात, त्या दोषालाच त्यांनी गोडीचा अभाव ठरवले.

नागरी सेवांच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राची २५० गुणांची प्रश्नपत्रिका आहे. नाशिकच्या कॉलेज रोडवरील स्पर्धा परीक्षांच्या एका खासगी वर्गात मी आता ती शिकवतो. मुले गुणांसाठी येतात हे खरे. तरीही कर्तव्यवाद आणि उपयुक्ततावाद यांवरून तास संपल्यावर ती मला जिन्यात थांबवून वाद घालतात.

आपण सेट किंवा नेट ही प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा लवकर द्यावी आणि तासिका तत्त्वावर रुजू होण्यापूर्वी ते पद मंजूर आहे का, हे लेखी विचारावे. मी विचारले नव्हते. हे सर्व अनुदानित महाविद्यालयांपुरते आहे. आयआयटींच्या मानव्यविद्या विभागांतही तत्त्वज्ञान शिकवले जाते, मात्र तेथे इंग्रजीतील संशोधनाला फार वजन असते. आणि मुलांना गोडी नाही असे आपल्याला कोणी सांगितलेच, तर गेल्या तीन वर्षांत त्या विषयाला पूर्णवेळ शिक्षक होता का, हे त्यांना आधी विचारावे.