पहिली आलीस तर प्लेस्टेशन घेऊ, असं सातवीतल्या मुलीला सांगितलंय. बरोबर केलं ना? मॉडेल कोणतं घ्यावं?

मॉडेलचं आधी सांगते. प्लेस्टेशन ५ डिस्कवाला घ्या. डिस्क जुन्या बाजारात मिळतात, खेळून झाल्या की विकता येतात. नुसत्या डिजिटलवाल्यात, म्हणजे गेम डाउनलोड करूनच खेळायच्या मॉडेलमध्ये, ती सोय नाही.

बाकी तुम्ही केलंत ते मला अजिबात पटलेलं नाही. अशी अट घालायची नसते.

मीही सातवीतच होते, सांगलीत, १९९५ साली. तेव्हा आमच्याकडे व्हिडिओ गेम म्हणजे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल. मूळ यंत्र जपानात १९८३ ला आलेलं. नकला आमच्या गल्लीत पोचेपर्यंत एक तप गेलं. आमच्या बिल्डिंगमध्ये एकाच घरी तो होता. सुट्टीत तिथे पोरांची गर्दी, आणि मी एकटी मुलगी. भाड्याने खेळायची पार्लरं गावात होती, पण तिथे मुली जात नसत. म्हणून त्या घरी मागे बसून नंबराची वाट बघायची. नंबर लागला तरी हातात दुसरा रिमोट. कॉन्ट्रा खेळलेल्यांना धबधब्याची स्टेज आठवत असेल. एक गडी भराभर वर चढला की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. मी कायम तिथे मरायचे, कारण माझ्यासाठी कुणी थांबायचं नाही. घरी येऊन मी वहीत सगळ्या स्टेजचे नकाशे काढायचे, कुठून कुठे उडी मारायची त्या खुणांसकट.

बाबा म्हणाले, स्कॉलरशिपच्या यादीत नाव आलं तर घेऊ. नाव आलं. पेढे वाटले. मी विचारलं, कधी जायचं आणायला? तर म्हणाले, आता आठवी, बीजगणित सुरू होईल, दहावी झाली की नक्की. त्या संध्याकाळी मी जेवले नाही. खेळणं मिळालं नाही याचं दुःख होतंच, पण बाबांचा शब्द फिरला हे जास्त लागलं. त्यानंतर त्यांच्याकडे मी काही मागितलंच नाही. कॉलेजची फीसुद्धा आईमार्फत सांगायचे.

दहावीनंतर मामाने पुण्याच्या तापकीर गल्लीतून सेट आणला, कसलीही अट न घालता. खरी गंमत पुढे आहे. आमच्या घरात त्यावर सगळ्यात जास्त खेळली आई. 'बॅटल सिटी', आम्ही त्याला टँक म्हणायचो. दुपारची भांडी आवरली की ती रिमोट घेऊन बसायची. आपल्या तळावर जो गरुड असतो, त्याच्याभोवतीच्या विटा सांभाळणं तिच्याकडे, पुढे जाऊन शत्रूचे टँक फोडणं माझ्याकडे. पस्तीस स्टेज संपून पुन्हा पहिली आली तरी आम्ही उठत नसू. आईशी माझी मैत्री झाली ती त्या उन्हाळ्यात.

माझा दादा अजून दर दिवाळीला म्हणतो, 'बाबांनी अट घातली म्हणून तुझं नाव यादीत आलं.' साफ खोटं आहे. गणित मला आवडायचं, अट नसती तरी मी तेवढीच गणितं सोडवली असती. अटीने झालं काय, तर परीक्षेचा आनंद निकालाच्या दिवशीच संपला. आणि पहिलं येणं तर तुमच्या मुलीच्या एकटीच्या हातातही नाही, वर्गात आणखी पोरं आहेत. ती मनापासून अभ्यास करून तिसरी आली तर काय करणार? नाही म्हणणार?

द्यायचा असेल तर द्या, आणि किती वेळ खेळायचं ते वेगळं ठरवा. वेळेची, खर्चाची आणि अनोळखी लोकांशी बोलण्याची मर्यादा पालकांच्या सेटिंगमध्ये घालता येते. द्यायचा नसेल तर आजच सरळ सांगा. पैशांची ओढाताण असेल तर तेही सांगा. हे यंत्र २०२१ मध्ये भारतात आलं तेव्हाच पन्नास हजारांच्या घरात होतं, सातवीतल्या मुलीला तेवढा हिशोब कळतो. शब्द आधीच दिला आहे म्हणता, तर आता अट मागे घ्या आणि तिच्या निकालाआधी आणा.

गेम घेताना खोक्यावरचं वयाचं रेटिंग बघा. आणि सोबत एकच कंट्रोलर येतो, दुसरा वेगळा घ्यावा लागेल. तो घ्याच, आणि तिच्याशेजारी बसून खेळा.